पाणलोटासाठी अर्ज लिहिताना

गावच्या डोंगरावर चर खणायचे आहेत, ओढ्यावर दोन-तीन बांध घालायचे आहेत आणि त्यासाठी चार-पाच लाख रुपये हवे आहेत. कुणाकडे मागायचे आणि कसे मागायचे? पैसे देणारे आहेत. नाबार्डमध्ये १९९९-२००० साली पाणलोट विकास निधी उभा राहिला, सुरुवातीला २०० कोटींचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि माती-पाण्याची कामे त्या यादीत बसतात. शिवाय विश्वस्त निधी आहेत, रोटरीसारखे क्लब आहेत, मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांची मंडळे आहेत. अडते ते बहुधा अर्जात.

बरेच अर्ज सिमेंटच्या बंधाऱ्यापासून सुरू होतात. साहजिकच आहे. बंधारा दिसतो, त्यावर पाटी लावता येते, फीत कापता येते. डोंगरावरच्या चरांवर पाटी कुठे लावणार? पण पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे यावे लागते. वरचा डोंगर उघडाबोडका ठेवून खाली बंधारा बांधला, तर त्यात पाण्याआधी गाळ साठतो. म्हणून अर्जात आधी समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, घळींतले अनगड दगडांचे बांध आणि शेवटी नाल्यावरची कामे, असा क्रम हवा.

आकडे द्यावेत, पण आपल्याच शिवाराचे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १० हजार लिटर पाणी होते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस आणि ५०० हेक्टर शिवार धरले, तर २५० कोटी लिटर. म्हणजे १० हजार लिटरचे अडीच लाख टँकर, तेही दुष्काळी म्हणवणाऱ्या गावात! आता ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा चर घ्या. त्याच्या १०० मीटर लांबीत एका वेळी १८ हजार लिटर पाणी मावते. हे गणित गावच्या शाळेतली मुलेही करतील. सोबत गट नंबर घातलेला नकाशा जोडावा आणि ज्याच्या गटात काम आहे, त्याची संमतीची सही घ्यावी. सही कचेरीत बसून नको, बांधावर उभे राहून घ्यावी. नवरा-बायको दोघेही तेथे असले तर उत्तम. शेतात पाणी कुठून फुटते, हे पुष्कळदा बाईला जास्त ठाऊक असते.

पैसे मागण्याआधी गावाने काय केले, हा प्रश्न येतोच. १९९० च्या दशकात महाराष्ट्रात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाला अकुशल मजुरीच्या साधारण १६ टक्के वाटा श्रमदानाने उचलावा लागे. शिवाय कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी लागे. त्यामुळे अर्ज पाठवण्याआधीच्या हिवाळ्यात रिकाम्या गोण्यांत माती भरून एखादा वनराई बंधारा घालावा. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही आणि गाव एकत्र येते की नाही, हे आपल्यालाही कळते.

आता चराईबंदीबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. ठराव ग्रामसभेत हात वर करून होतो. पण बंदी पडते कुणावर? ज्याच्याकडे जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्याच्यावर. आणि पाणी वाढते कुणाच्या विहिरीला? ओढ्याकाठी ज्याची जमीन आहे, त्याच्या. म्हणजे एकाने शेळ्या विकायच्या आणि दुसऱ्याने ऊस लावायचा. असा ठराव दोन पावसाळेही टिकत नाही, आणि तो मोडला तर दोष शेळीवाल्याला देऊ नये. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यात पाणी जमिनीवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि उसाला पाणी नाही, असे ठरले होते. प्रत्येक गावाला इतके जमणार नाही. पण डोंगरावरचे गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांना, मजुरीची कामे आधी त्यांना, डोंगराचा एक भाग आळीपाळीने चराईला खुला, एवढे तरी अर्जाआधी ठरवून लिहावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी, समितीचे वेगळे बँक खाते. कंपनी स्वतः काम न करता दुसऱ्याकडून करवून घेणार असेल, तर ती संस्था २०२१ पासून केंद्र सरकारकडे त्यासाठी नोंदलेली असावी लागते. गावात तशी संस्था नसेल, तर तालुक्यातली एखादी जुनी संस्था बरोबर घ्यावी. मात्र हिशेबाची एक प्रत गावातच ठेवावी.

अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम अवश्य धरावी. पहिल्या मोठ्या पावसात काही बांधांचे दगड सरकणारच. आणि काम सुरू व्हायच्या आधीपासून गावातल्या पाच-सहा विहिरींची पातळी मोजायला लागावे, काही माथ्याजवळच्या, काही ओढ्याकाठच्या. त्याला यंत्र लागत नाही. गाठी मारलेली दोरी, टोकाला दगड आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला लिहायची एक वही पुरते. पुढल्या वर्षी दुसऱ्या टप्प्याचे पैसे मागायला जाल, तेव्हा फोटोंच्या आधी ही वही पुढे करा.