पाहू या, पण मग बोलू या
(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गटात सिनेमा दाखवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठला? मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. बाईला बसून बघायला सलग दोन तास मिळतात कधी? मोबाइलवर हवं ते दिसतं खरं, पण बऱ्याच घरांत तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. टीव्ही मोकळा होतो तेव्हा भांडी पडलेली असतात. म्हणून एकत्र बघायचं, आणि दुपारी, पाणी यायच्या आत.

'माहेरची साडी' (१९९१) बघून बाया ढसाढसा रडल्या. आपण त्याला नावं ठेवली. पण ते रडणं खोटं नव्हतं, त्यात स्वतःचं सासर होतं. अडचण एवढीच, की तिथे सोसणाऱ्या सुनेची पूजा होते, सोसणं मात्र थांबत नाही. आपल्याला रडण्याच्या पुढचा प्रश्न विचारणारे सिनेमे हवेत.

ते आपल्याकडे जुनेच आहेत. 'कुंकू' (१९३७) मधली नीरा म्हाताऱ्या वकिलाशी लावलेलं लग्न मानतच नाही. शेवटी मात्र तिची सुटका होते ती नवऱ्याच्या मरणानं. असं का, हे गटात जरूर विचारा. 'दोघी' (१९९५) मध्ये थोरलीच्या मुंबईच्या पैशावर घर जगतं, पण ती धाकटीच्या लग्नाला येते तेव्हा त्याच घराला तिची लाज वाटते. 'द ग्रेट इंडियन किचन' (२०२१) मल्याळी आहे, तरी भाषेवाचून अडत नाही. चिरणं, वाढणं, खरकटं काढणं सगळ्यांना कळतं.

सिनेमा आधी आपण बघायचा. नंतर अर्धा तास बोलण्यासाठी राखायचा. 'आवडला का?' असं विचारलं तर 'हो' म्हणून बाया उठतात. 'यातलं कोण आपल्या वस्तीत आहे?' असं विचारा. अर्थ आपण सांगत बसायचं नाही. मारहाणीचं दृश्य असेल तर एखादीला भरून येतं. तिच्याजवळ बसायला एक कार्यकर्ती मोकळी ठेवा.

आणि 'उंबरठा' (१९८२) दाखवाल तेव्हा तयारीनं जा. सुलभा समाजकार्य शिकलेली, ती घर सोडू शकते. बाया विचारतात, आम्ही जायचं कुठं? या प्रश्नावर 'हिंमत ठेवा' हे उत्तर नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कुणाच्याही नावावर असो. हे त्याच दिवशी सांगा. संरक्षण अधिकारी कुठे बसतात, जवळचं आधारगृह कुठलं, हे कागदावर लिहून न्या. सिनेमानं प्रश्न जागा केला आणि आपण हात हलवत परत आलो, तर त्या बाईला आपण रडवण्यापलीकडे काय दिलं?