तुतीचा चहा आणि ग्लुकोजचा डबा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी बँकेतला माणूस, डॉक्टर नव्हे. त्यामुळे औषध सांगणार नाही. माझी झालेली एक चूक सांगतो.

आपल्या जालन्यात २०१८ साली रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला आणि तुती सगळ्यांच्या ओळखीची झाली. एका शेतकरी मित्राने मला तुतीचा वाळवलेला पाला दिला. म्हणाला, "साहेब, चीनमध्ये शुगरवर हेच पितात." गोष्ट खोटी नव्हती. चिनी वैद्यकात या पानाला 'सांग ये' म्हणतात. तुतीच्या फांद्यांपासून केलेल्या गोळीला चीनने २०२० मध्ये मधुमेहासाठी मान्यताही दिली आहे.

मी रोज जेवणाआधी त्याचा चहा घेऊ लागलो. शुगरची गोळी चालूच होती. डॉक्टरांना काही सांगितलं नाही. पाला तर आहे, त्यात काय सांगायचं!

एका रात्री जेमतेम अर्धी भाकरी खाल्ली. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले. सौ.ने साखरेचं पाणी पाजलं, पण लवकर फरक पडेना. तेवढ्यात समोरच्या वहिनी ग्लुकोजचा डबा घेऊन धावत आल्या. ते पाणी पोटात गेलं आणि थोड्या वेळात मी माणसांत आलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. भाकरीतल्या पिठाचं शेवटी ग्लुकोज करणारे पाचक विकर आपल्या लहान आतड्यात असतात. तुतीतलं एक द्रव्य दिसायला ग्लुकोजसारखं. ते त्या विकरांची जागा अडवतं. कॅशच्या खिडकीवर एखादा नुसताच उभा राहावा आणि मागची रांग खोळंबावी, तसं! साखरही त्याच रांगेत अडकते, कारण तीही आधी तोडावी लागते. ग्लुकोज मात्र तोडावं लागत नाही, ते सरळ रक्तात जातं. न पचलेलं पुढे मोठ्या आतड्यात आंबतं. माझ्या पोटातल्या गॅसचा हिशेबही तेव्हाच लागला. गोळी, अर्धी भाकरी आणि वर हा चहा, तिन्ही एकदम आले होते.

पाला वाईट नाही. माझं लपवणं वाईट होतं. ज्या औषधाला गुण आहे, त्याला परिणामही असणारच. मग तो काढा असो, चूर्ण असो की गोळी, डॉक्टरांपुढे सगळी नोंद झालीच पाहिजे.

पंचवीस वर्षांत आपण टँकरच्या रांगेत भांडलो, पण रात्री-अपरात्री एकमेकांची दारंही वाजवली. आता प्रत्येक मजल्यावर ग्लुकोजचा एक डबा ठेवू या. पहिला डबा माझ्याकडून.