संशोधनाची वाट : दोन वर्षांची की पाच वर्षांची?



तालुक्याच्या गावी बी.एस्सी. होऊन पुढे परदेशी जाऊ पाहणारी मुले-मुली आता नवलाची राहिलेली नाहीत. मुलगी हुशार असते, शिक्षकांचा पाठिंबा असतो आणि वडील म्हणतात, "जमीन तारण ठेवू, पण पोरीला पाठवू." इथवर सगळे ठीक. अर्ज भरायला बसले म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. दीड-दोन वर्षांत लहानसा प्रबंध लिहून मिळणारी संशोधनाची पदव्युत्तर पदवी घ्यावी, की एकदम पीएच.डी.लाच नाव घालावे? हा प्रश्न पुष्कळदा प्रथम येतो तो गुरुजींकडे किंवा बाईंकडे. म्हणून आजचे बोलणे विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांसाठीही आहे.

पुष्कळांची समजूत अशी, की एक लहान पदवी आणि दुसरी मोठी. मिळत असेल तर मोठीच घ्यावी. ही समजूत बरोबर नाही. दोन्हींचे काम वेगळे आहे. शेतकरी बैल विकत घेण्याआधी त्याला औताला जुंपून पाहतो. संशोधनाची पदव्युत्तर पदवी म्हणजे तसे जुंपून पाहणे होय. प्रयोग महिनोन्महिने फसतो, एक आकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, लिहिलेले पान मार्गदर्शक लाल शाईने भरून परत देतो. हे आपल्याला मानवते का, ते या काळात कळते. पीएच.डी. म्हणजे बैल घेऊन सगळे शेत कसायला काढणे. तिथे एकाच प्रश्नापाठीमागे चार-पाच वर्षे जातात, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आधी कोणी दिलेले नसते.

आता देशादेशांची रीत वेगळी आहे, ती नीट ध्यानात घ्यावी.

अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठे बी.एस्सी. किंवा बी.ई. झालेल्या विद्यार्थ्याला थेट पीएच.डी.ला घेतात. हे शिक्षण साधारण पाच-सहा वर्षे चालते. पहिली एक-दोन वर्षे वर्गातले शिक्षण, मग पात्रता परीक्षा, आणि नंतर प्रबंध. विज्ञानशाखांत विद्यार्थ्याची फी बहुधा माफ होते, आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल विद्यावेतन मिळते. उलट तिथली एम.एस. बहुतेकांना स्वतःच्या पैशाने करावी लागते. शिवाय एम.एस. म्हटले की संशोधन आलेच असे नाही. काही ठिकाणी नुसते विषय पुरे केले की पदवी मिळते. प्रबंध आहे की नाही, हे अर्जापूर्वीच विचारावे.

इंग्लंडात एका वर्षाची संशोधनाची पदव्युत्तर पदवी असते आणि पीएच.डी. तीन-चार वर्षांची. तिथे अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याचे नाव आधी एम.फिल.ला घालतात, आणि सुमारे वर्षभराने काम पाहून पीएच.डी.त वर घेतात. जर्मनीत पीएच.डी.साठी सहसा पदव्युत्तर पदवी आधी लागते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण राहण्याखाण्याच्या वर्षभराच्या खर्चाची तजवीज आहे, हे व्हिसासाठी दाखवावे लागते. हॉलंडात पीएच.डी.चा उमेदवार बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकरच असतो. तिथे प्रवेश मिळणे म्हणजे नोकरी मिळणेच.

म्हणजे झाले काय? अमेरिकेत मोठी पदवी स्वस्त आणि लहान पदवी महाग! त्यामुळे मुले हिशेब करतात, "पीएच.डी.ला नाव घालू, फी वाचेल. नाहीच जमले तर मधून एम.एस. घेऊन बाहेर पडू." अनेक विद्यापीठांत अशी सोय असते, हे खरे. परंतु मनात हाच बेत धरून जाणे बरे नव्हे. एका मार्गदर्शकाने आपल्यावर वेळ आणि पैसा लावलेला असतो, आणि आपल्या जागी दुसरा कोणी खरोखर संशोधन करणारा आला असता. काम करून पाहिल्यावर ते मानवले नाही म्हणून मोकळेपणाने सांगून बाहेर पडणे वेगळे. त्यात कमीपणा नाही, आणि घरच्यांनीही तो मानू नये.

पैशाची वेळ चुकली म्हणजे काय होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात दिसते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली त्यांनी प्रबंध लिहून एम.ए. केले. १९१६ साली ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथे १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. त्यांच्या हाती पडली ती १९२७ साली. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसालाही मुदत आडवी आली. मग आपल्या मुलांनी मुदतीचा कागद दोनदा वाचायला नको का?

म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : तुझ्याजवळ प्रश्न आहे का? नुसता विषय नव्हे, प्रश्न. "मला मृदाशास्त्र आवडते" हा विषय झाला. "आमच्या भागातली बागायती जमीन खारवट का होते आणि ती पुन्हा कशी सुधारेल?" हा प्रश्न झाला. असा प्रश्न रात्री झोपू देत नसेल, तर पीएच.डी.चा विचार जरूर करावा.

दुसरा : पैसा कोणाचा आणि किती वर्षांचा? विद्यापीठाच्या पत्रात विद्यावेतन किती वर्षे मिळेल, फी माफ आहे का, उन्हाळ्याच्या सुटीत काय, हे लिहिलेले असावे. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तशीच केंद्र शासनाचीही शिष्यवृत्ती आहे. या दोन्ही पदव्युत्तर शिक्षणाला आणि पीएच.डी.लाही मिळतात. त्यांचे त्या वर्षीचे नियम वेळेवर पाहावेत.

तिसरा : पदवी कशासाठी हवी? केवळ कॉलेजात शिकवायचे असेल, तर २०२३ सालच्या नियमाने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेट किंवा सेट चालते. कारखान्यात नोकरी हवी असेल तर दोन वर्षांची पदवी पुष्कळदा पुरते.

आणि ज्याने संशोधन कधी केलेच नाही, त्याने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. नुसते जुंपून पाहण्यासाठी जमीन गहाण टाकू नये. ते आपल्या देशातही होते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे, अशा ठिकाणी उन्हाळी प्रशिक्षण किंवा प्रकल्पावरचे काम मिळू शकते. तिथे सहा महिने, वर्ष काढावे. मन रमले, तर परदेशी पीएच.डी.च्या अर्जात त्या कामाचे वजन पडते, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्यालाही काही खरे लिहिता येते. रमले नाही, तर शेत शाबूत आणि मुलगीही घरची.

प्रवेश मिळाल्यावर शेवटचे एक काम राहते. ज्या मार्गदर्शकाकडे जायचे, त्याच्या हाताखाली आज शिकणाऱ्या दोघा-तिघांना पत्र पाठवून विचारावे : तुम्हाला किती वर्षे लागली, मार्गदर्शक भेटतात का, मधेच सोडून किती जण गेले? विद्यापीठाचे नाव कितीही मोठे असले, तरी रोजचा संबंध या एका माणसाशी येतो.

वापसा आल्याशिवाय पेरणी करू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिक्षणाच्या बाबतीतही तेवढाच धीर धरावा, आणि वापसा आला म्हणजे मात्र कचरू नये.