अर्पणपत्रिकेत नसलेलं नाव

नाटकाला गेलो की आपण पुढच्या रांगेचं तिकीट मागतो. विंगेतलं तिकीट कोणी मागत नाही आणि कोणी विकतही नाही. आज मी बोलणार आहे ते नाटक मात्र विंगेत आणि मेकअपच्या खोलीतच घडतं. रोनाल्ड हारवुड यांचं ‘द ड्रेसर’. १९८० साली मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंज थिएटरात ते प्रथम झालं. १९८३ साली त्यावर चित्रपट निघाला, तो अनेकांनी पाहिला असेल.

ड्रेसर म्हणजे नटाला पोशाख चढवणारा माणूस. आपल्याकडे कपडेपट सांभाळणारा असतो, त्याचाच हा भाऊबंद. फक्त हा एकाच नटाला बांधलेला. हारवुड दक्षिण आफ्रिकेतून लंडनला आले आणि सर डोनाल्ड वुल्फिट या नामांकित नटाचे पाच वर्षं ड्रेसर होते. गावोगाव दौरे काढून शेक्सपिअर करणारा हा नट. नाटकातला ‘सर’ म्हणजे वुल्फिट नव्हे, असं हारवुड सांगत राहिले. पण घामाचा आणि रंगाचा वास त्याच खोलीतून आलेला आहे.

काळ जानेवारी १९४२चा. युद्ध चालू आहे, धडधाकट नट सैन्यात गेलेत. उरल्यासुरल्या माणसांवर कंपनी चाललेली. आज ‘किंग लिअर’चा प्रयोग आहे आणि सर भर रस्त्यात भ्रमिष्टासारखे वागून इस्पितळात पोचलेत. बाईसाहेब म्हणतात, प्रयोग रद्द करा. स्टेज मॅनेजर मॅज, जिनं या माणसावर मुकाट्यानं आयुष्यभर प्रेम केलं, तीही तेच म्हणते. एकटा नॉर्मन, त्यांचा ड्रेसर, ऐकत नाही. आणि सर इस्पितळातून उठून थेट थिएटरात हजर!

पुढचा तासभर मला फार आवडतो. सर आरशासमोर बसतात आणि चेहऱ्याला काळा रंग फासू लागतात. आज लिअर आहे, ऑथेल्लो नव्हे, हे नॉर्मननं सांगायचं. पहिलं वाक्य आठवत नाही, तेही त्यानंच आठवून द्यायचं. तो दटावतो, चुचकारतो, खोटं बोलतो, मागच्या खिशातली बाटली काढून ब्रँडीचा घोट घेतो. स्वतःचं दुःख सांगायचं झालं की म्हणतो, ‘माझा एक मित्र होता...’ हे मित्र कोण, ते आपल्याला लवकरच कळतं.

प्रयोग सुरू होतो, बाहेर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. तशी सूचना द्यायला नॉर्मनला पडद्यापुढे जावं लागतं. आयुष्यभर नटाला तयार करून पाठवणारा हा माणूस तिथं कसा चाचरतो, ते बघण्यासारखं आहे. मग वादळाचा प्रवेश. त्या काळी टेपा नव्हत्या. टांगलेला लोखंडी पत्रा हलवला की गडगडाट, कापडाखाली लाकडी पिंप फिरवलं की वारा. विंगेतली माणसं जीव तोडून वादळ करतात. आधी साफ नकार देणारा एक नटही शेवटी धावून येतो. आणि सर आत येऊन ओरडतात काय, तर वादळ पुरेसं मोठं नव्हतं!

आपण नटाचं उतारवय म्हटलं की ‘नटसम्राट’ आठवतो. शिरवाडकरांच्या त्या नाटकामागेही लिअरची सावली आहे. पण तिथं आपण बेलवलकरांबरोबर रडतो. इथं नटाला रडायला लावून डोळे पुसणारा माणूसच मध्यभागी आहे, म्हणून मला हे नाटक जास्त टोचतं.

प्रयोगानंतर सर थकून आडवे होतात. आत्मचरित्र लिहायला घेतलंय, फक्त अर्पणपत्रिका झाली आहे. ती वाच म्हणतात. नॉर्मन वाचू लागतो. सुतार, वीजवाले, सामान हलवणारे, प्रेक्षक, साऱ्यांचे आभार आहेत. ड्रेसरचा उल्लेखच नाही. तो मान वर करतो तेव्हा सर गेलेले असतात. भांडायलाही माणूस उरलेला नाही. दुःख आणि संताप त्याच्या तोंडून एकदमच बाहेर पडतात. हारवुडनी त्याला उदात्त केलं नाही, हे बरं केलं.

या जागी मला माझं एक पान आठवतं. माझा पहिला कवितासंग्रह १९९३ साली तालुक्याच्या गावी ट्रेडल मशीनवर छापला गेला. तिथले कंपोझिटर काका एके दिवशी प्रूफ पुढे करून म्हणाले, ‘रागावू नका, पण ही ओळ इथं अडखळते.’ खरंच अडखळत होती. मी ती बदलली. पुढे समीक्षकांनी नेमकी तीच कविता उचलून धरली. ऋणनिर्देशात मी अब्बा-अम्मींचे, माझ्या प्राध्यापकांचे, प्रस्तावना लिहिणाऱ्यांचे, कागद उधार देणाऱ्याचेही आभार मानले होते. काकांचं नाव राहिलं. दुसऱ्या आवृत्तीत घालू म्हटलं, तर कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती कुठे निघते!

आणि ते ऋणनिर्देशाचं पानही त्यांनीच जुळवलं होतं, एकेक खिळा उचलून.