विपणनाची मूलतत्त्वे आणि आपली पेढी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त युवा व्यापाऱ्यांसाठी आयोजित व्याख्यानाचा संकलित भाग)



बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यामुळे मार्केटिंग म्हणजे गोड बोलणे, फलक रंगविणे आणि सवलत जाहीर करणे, असा समज रूढ झाला आहे. वास्तविक ही विक्रीची अंगे आहेत. आपल्याजवळचा माल लोकांच्या गळी उतरविणे ही विक्री. लोकांची गरज आधी ओळखून तदनुसार माल, भाव आणि सेवा यांची जुळणी करणे हे विपणन. व्यवसायाचे प्रयोजन ग्राहक निर्माण करणे हे आहे, असा विचार पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडला. नफा हे त्या कार्याचे फळ होय.

मग पहिला प्रश्न असा, की आपला ग्राहक कोण? 'सगळेच' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. या संदर्भात निरमाचे उदाहरण अभ्यासनीय आहे. १९६९ साली अहमदाबाद येथे करसनभाई पटेल या रसायनतज्ज्ञाने सरकारी नोकरी सांभाळून घरच्या घरी धुण्याची पावडर तयार केली आणि सायकलवरून दारोदार विकली. भाव किलोला सुमारे तीन रुपये. त्या वेळी सर्फची किंमत त्याच्या सुमारे चौपट होती. सर्फ घेणाऱ्या सधन गृहिणीला वळविणे हा पटेलांचा मूळ हेतू नव्हता. जी गृहिणी साबणाच्या वडीने कपडे धूत होती आणि जिला पावडर परवडतच नव्हती, ती त्यांनी निवडली. तिच्या पिशवीत किती पैसे आहेत, हे आधी पाहून मग माल घडविला. मोठ्या कंपनीला हा आपला ग्राहक वाटलाच नाही. परिणामी १९८०च्या दशकाच्या मध्यास निरमाने खपाच्या बाबतीत सर्फला मागे टाकले.

दुसरे तत्त्व म्हणजे ग्राहकाच्या मनातील स्थान. सर्फने त्या काळी 'ललिताजी' ही जाहिरात आणली, ती आपल्यातील अनेकांना स्मरत असेल. चोखंदळ, हिशेबी गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करते, पण सर्फच घेते. कारण अर्धा किलो सर्फ स्वस्त पावडरीच्या एक किलोइतके काम करते, असा तिचा हिशेब. सर्फने भावाशी भाव भिडविला नाही. 'किंमत' आणि 'मोल' यांतील फरक ग्राहकाच्या मनात रुजविला. त्याच वेळी स्वस्ताईच्या क्षेत्रात उतरण्यासाठी कंपनीने 'व्हील' हा वेगळा ब्रँड आणला. एका नावाला एकच ओळख असावी, हा यातील बोध. पुढील काळात निरमाचा बाजारातील हिस्सा पुष्कळ घटला. केवळ स्वस्ताईवर मिळविलेली जागा दुसरा कोणी स्वस्ताई आणताच डळमळते, हेही ध्यानी घ्यावे.

तिसरे तत्त्व चार घटकांच्या मेळाचे. वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही चौकट जेरोम मॅकार्थी यांनी १९६०मध्ये मांडली. हे चारही घटक एकाच दिशेने ओढणारे असावे लागतात. तमिळनाडूतील कडलूर येथे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली अवघ्या पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पू सुरू केला. वस्तू लहान पुडीत. किंमत रोजंदारीवरील माणसाच्या आवाक्यातील. विक्री गावोगावच्या छोट्या दुकानांतून. प्रसिद्धी कशी, तर खेड्यात मुलांचे केस प्रत्यक्ष धुऊन दाखवायचे. शिवाय कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी मोफत न्या, अशी योजना. पुढे ती केवळ चिकच्या पुड्यांपुरती ठेवली. महागडी बाटली आणि शहरी दुकान यांच्याशी हा मेळ बसलाच नसता.

आता आपल्या बाजारपेठेकडे वळतो. मॉल आले, मोबाईलवरून घरपोच माल येऊ लागला. त्याला उत्तर म्हणून आपल्यापैकी अनेकांनी सवलतीचे फलक लावले. शेजारच्या पेढीने दहा टक्के दिले की आपण बारा. यात भाऊच भावाचा गल्ला रिकामा करतो. साधे गणित पाहा. ऐंशी रुपये खरेदीची वस्तू शंभरला विकली, तर वीस रुपये सुटतात. दहा टक्के सवलत दिली की सुटतात दहा. म्हणजे पूर्वीइतकीच प्राप्ती राखायला विक्री दुप्पट व्हावी लागेल. भाडे, पगार आणि वीजबिल मात्र तसेच. अफाट भांडवलाचे स्पर्धक हा तोटा काही वर्षे सोसू शकतील. आपली पेढी किती महिने सोसेल? या प्रश्नाचे उत्तर न शोधल्यामुळेच वडिलोपार्जित दुकानांची शटर खाली येतात आणि मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे पाहू लागतात.

आपले सामर्थ्य अन्यत्र आहे. समजा, एक कुटुंब महिन्याला चार हजारांचा किराणा नेते. वर्षाचे झाले अठ्ठेचाळीस हजार, दहा वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. दोनशे रुपयांचा माल परत घेण्यावरून आपण त्याच कुटुंबाशी हुज्जत घालत असू, तर हिशेब कोठे चुकला हे सांगणे न लगे. कोणाच्या घरी लग्न ठरले आहे, कोणाला मधुमेह आहे, कोणाचा पगार सात तारखेला होतो, हे ज्येष्ठांना तोंडपाठ असे. मोठ्या कंपन्या हीच माहिती आज संगणकावर खर्च करून गोळा करतात. आपल्या खातेवहीत ती आयती आहे. ती वाचणारा हवा.

म्हणून युवा मित्रांना एक विनंती. येत्या महिन्यात वडिलांच्या शेजारी बसून मागील वर्षाची वही उघडा. सर्वाधिक प्राप्ती देणारी पन्नास घरे कोणती, कोणती घरे येईनाशी झाली, कोणता माल वर्षभर पडून आहे, हे लिहून काढा. येईनाशा झालेल्या घरी स्वतः जा आणि कारण विचारा. उत्तर कटू असले तरी ऐकून घ्या. त्यानंतरच फलक, सवलत आणि जाहिरात यांचा निर्णय करा.

ज्येष्ठांनाही नम्र प्रार्थना, की मुलाने ही यादी पुढे ठेवली तर 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणून ती बाजूला सारू नये. त्यातील एक तरी सूचना सहा महिने अमलात आणून पाहावी. अनुभव आणि अभ्यास एकाच गादीवर बसले, तर आपल्या पेढ्यांवर पुढची पिढीही अभिमानाने बसेल, असा विश्वास व्यक्त करून आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!