पोटावरील पिशवी आणि आपले कर्तव्य



महोत्सवाच्या दिवशी एखादा गोड विषय घ्यावा, अशी रीत आहे. परंतु ज्या दुःखाचा उच्चार चारचौघांत होत नाही, त्याकडे धर्मादाय संस्थेचे लक्ष आधी जावे, असे आम्हांस वाटते.

आतड्याचा कर्करोग, पीळ किंवा अपघात यांमुळे शल्यवैद्यांना कित्येकदा आतड्याचे तोंड पोटावर आणून ठेवावे लागते. त्यास स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याची ती कोलोस्टोमी, लहान आतड्याची इलिओस्टोमी. काहींची काही महिन्यांनी बंद करता येते. काहींना जन्मभर सांभाळावी लागते. तेथून येणाऱ्या मळावर ताबा नसतो, म्हणून पिशवी चिकटवतात.

शस्त्रक्रियेने प्राण वाचतो; खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. पिशवीच्या चकतीचे भोक स्टोमाच्या मापाने न कापल्यास मळ पाझरून कातडी सोलवटते. पिशवी एकतृतीयांश भरताच रिकामी करावी, नाही तर वजनाने सुटते. इलिओस्टोमी असलेल्याच्या शरीरातून पाणी व मीठ फार जाते. त्याने क्षारसंजीवनी जवळ बाळगावी. स्टोमा लाल व ओलसर असावा. जांभळा किंवा काळा पडल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. हे सारे साधे आहे, पण शिकविणारे कोणी तरी लागते.

१९५४ साली डेन्मार्कमधील एलिझ सोरेन्सन या परिचारिकेने आपल्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. १९६१ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. टर्नबुल व नॉर्मा गिल यांनी ही शुश्रूषा शिकविण्याची शाळा सुरू केली. नॉर्माबाईंना स्वतःलाच इलिओस्टोमी होती. त्या काळी तेथे कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरीत. तो आपल्या रानांतील कांडोळाचा. डिंक येथून गेला, विद्या मात्र अजून लहान गावांत पुरती आली नाही. पिशवी लावून दवाखान्यातून घरी पाठवितात, आणि पुढे कोणास विचारावे हे कोणी सांगत नाही.

मग माणूस पंगत टाळतो, लग्नकार्य टाळतो. आमच्यांतील काही जण अशुद्धतेच्या भयाने नमाज सोडतात. वास्तविक हनफी शास्त्रात अशा माजूर मनुष्यास प्रत्येक नमाजाच्या वेळी नवी वुजू करून नमाज पढण्याची मोकळीक आहे. देवघराचा उंबरा न ओलांडणाऱ्या हिंदू मायबहिणींच्या मनातील भीतीही हीच असते. देवाने ज्यास जगविले, त्यास आपण दारातून परत का पाठवावे?

न्यासाला आमच्या तीन विनंत्या आहेत. गरजूंसाठी पिशव्यांचे एक कपाट ठेवावे. गावातील एका परिचारिकेस ही शुश्रूषा शिकण्यास पाठवावे. आणि नव्या रुग्णाकडे ज्याने ही वाट चालली आहे असा मनुष्य भेटीस जावा. ऑस्टॉमी असलेल्यांना रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी लागणारा डॉक्टरी दाखला मिळविण्यास कार्यालयाने साहाय्य करावे.

घरच्यांनी एवढेच करावे : ताट वेगळे मांडू नये, नाक मुरडू नये.