झांकली मूठ कोणाच्या लाभाची?

(चावडीपुढें भरलेल्या गांवकऱ्यांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मला शिक्षणावर बोलण्यास सांगितलें आहे. शिक्षणावरच बोलतों, पण मुलांच्या नव्हे, माझ्या. "झांकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण मी वीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. अब्रू झांकून ठेवावी, असा तिचा अर्थ फळ्यावर लिहून देत आलों. माझ्या मुठींत दीड लाख होते. ते गेले, आणि मूठ झांकून ठेवल्यामुळें दुसऱ्याचेही गेले. तें कसें, हें सांगावयास उभा आहें.

नऊ वर्षांपूर्वीं माझा एक आप्त घरीं आला. तीन वर्षांत दामदुप्पट देणारी योजना आहे म्हणाला. मीं दीड लाख रुपये भरले. पैकीं साठ हजार पतसंस्थेचें कर्ज काढून. मुलांना चक्रवाढ व्याज शिकविणारा मी! तीन वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल शेकडा 26 चक्रवाढ. हें गणित पाटीवर मांडावयास दोन मिनिटें पुरतात. त्या वेळीं बँकेची मुदतठेव याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेंही देत नव्हती. मग वरचें व्याज कोणत्या धंद्यांतून यावयाचें, आणि शिवाय दलालाची दलाली कोठून निघावयाची, हा प्रश्न मीं विचारला नाहीं. आप्ताला वाईट वाटेल म्हणून विचारला नाहीं. खरें सांगतों, त्याच्या गाडीचेंही थोडें दडपण आलें होतें.

वर्षभरानें तालुक्याच्या कचेरींत गेलों, तर "पुढच्या महिन्यांत या" म्हणाले. तीनदां गेलों, तीनदां तेंच उत्तर. तिसऱ्या खेपेस काय तें उमगलों. परत येतांना एस.टी.त बसूनच ठरविलें कीं कोणाजवळ कांहीं बोलावयाचें नाहीं. मास्तर फसला म्हटल्यावर गांवांत तोंड कसें दाखवावें? बायकोलाही सांगितलें नाहीं. पगारांतून कर्जाचा हप्ता कापला जाई, तो घरदुरुस्तीचा म्हणून सांगे.

पंधरा दिवसांनीं शाळेच्या फाटकाशीं माझ्या एका विद्यार्थिनीची आई भेटली. विधवा बाई, दोन एकर कोरडवाहू. तिनें विचारलें, "गुरुजी, तुमचं पैसं हायेत म्हणं त्या योजनेत. बरं हाय का?" मी म्हणालों, "माझी मुदत अजून व्हायची आहे, वहिनी." शब्द खरा होता. एवढा खोटा शब्द मीं आयुष्यांत उच्चारला नाहीं. तिनें दुभती म्हैस विकून चाळीस हजार भरले. चार महिन्यांनीं कचेरीला कुलूप लागलें. दलालानें तिला दुसरें कांहीं सांगितलेंच नव्हतें. "गुरुजींनीं घातलेत" एवढेंच म्हणाला, आणि तेंही खरेंच होतें.

तिचे पैसे मी हप्त्याहप्त्यानें देत आहें. अकरा हजार बाकी आहेत. आज हें बोलूं का, असें तिला आधीं विचारलें. ती म्हणाली, "सांगा, पर माझं नाव घेऊ नका." चोरी कोणाची, आणि मान खालीं कोणाची!

ही लाज आजची नाहीं. आपला पणजोबा सावकाराकडे जाई तो दिवेलागणीनंतर, मागल्या दारानें. प्रत्येकाला आपलें एकट्याचें खातें ठाऊक. सावकाराच्या वहींत मात्र साऱ्या गांवाचीं खातीं. त्याचें खरें भांडवल तें. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी उठले, तेव्हां त्यांचा डोळा रोख्यांवर व वह्यांवर होता. मिळाले ते कागद त्यांनीं जाळले. पुढें 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांकरितां कायदा झाला. शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त नोंदणी अंमलदाराच्या देखरेखीखालीं लिहावा आणि कोर्टानें कागदामागचा मूळ व्यवहार तपासावा, असें त्यांत ठरलें. म्हणजे काळोखांतला व्यवहार उजेडांत आणणें, हाच उपाय सरकारासही सुचला. जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणांत जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नांवाखालीं कुणब्याच्या घरांतून पैसा कसकसा बाहेर जातो, याची जंत्रीच दिली आहे. कुणब्याची लाज राखावी म्हणून त्यांनीं तें झांकलें नाहीं.

नुसतें शेटजी-भटजींच्या नांवानें खडे फोडून आतां भागत नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. मला बुडविणारा माझ्याच पंगतीला जेवणारा होता.

लग्नसराईंत पहा. "शेकडा तीन रुपयांनीं काढलेत" असें सांगतांना आवाज असा कीं जणूं तीनच रुपये द्यावयाचे! ते दरमहाचे असतात. सालाचे 36 झाले. व्याज थकून मुद्दलांत मिळत गेलें, तर एक लाखाचे दोन वर्षांत दोन लाख होतात. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून सावकारी करणें हा गुन्हा आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे. कर्जापोटीं जमीन बळकावली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करितां येतो. पण अर्जावर नांव घालावें लागतें, आणि नांव घातलें कीं गोष्ट चारचौघांत होते. तेथेंच आपला हात थबकतो.

गेल्या महिन्यांत आपल्याच एका पोराचे मोबाईलवरून अठरा हजार गेले. पैसे येणार आहेत म्हणून त्यानें पिन दाबला. पैसे घ्यावयास पिन लागत नाहीं, द्यावयास लागतो. पण त्याबद्दल मी त्याला बोल लावीत नाहीं, दीड लाखवाला कोणत्या तोंडानें लावणार? वाईट याचें वाटलें कीं बाप रागावेल म्हणून तो तीन दिवस गप्प राहिला. 1930 या क्रमांकावर तत्काळ कळविलें, तर पुढच्या खात्यांतच पैसे अडविण्याची आशा असते. तीन दिवसांत ते किती खात्यांतून फिरले असतील कोण जाणे! आणि बाप तर रागावलाच.

आपल्या बायका बचतगटांत बसतात तेव्हां कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, हें सर्वांदेखत वाचलें जातें. पुरुष त्याला बायकांच्या चांभारचौकशा म्हणून हंसतात. गटांतल्या एका बाईला विचारलें, हप्ता राहिला म्हणून नांव वाचलें कीं लाज वाटत नाहीं का? ती म्हणाली, "पहिल्यांदा वाटती. मग सगळ्यांचंच कधी ना कधी निघतं."

येत्या रविवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर शाळेच्या ओट्यावर बसूं. ज्यांच्याजवळ न वाचतां सही केलेला कागद असेल, त्यांनीं तो घेऊन यावें. मी वाचून दाखवीन. ज्यांना सर्वांसमोर नको, त्यांचा मागाहून वाचूं. ज्यांनीं सही अजून केलेली नाहीं, त्यांनीं तर आधीं यावें. प्रथम माझें पासबुक आणि पतसंस्थेचा उतारा वाचला जाईल. तो वाचण्याचें काम माझ्या बायकोनें पत्करलें आहे; तिचे कांहीं प्रश्न अजून बाकी आहेत म्हणते. चष्मा मात्र ज्यानें त्यानें आपापला आणावा.